साठ मैल घोड्यावरून

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा प्रथम मनात आले की पाककृती किंवा प्रवासवर्णन लिहावे; ते वाचणाऱ्यांना गोड वाटते आणि लिहिणारीलाही सोपे जाते. परंतु त्याच आठवड्यात शेजारच्या एक बाई सहज बोलून गेल्या, "पोट जरा मोठे दिसते आहे खरे, पण वयाप्रमाणे व्हायचेच! दुखत तर नाही." हे वाक्य ऐकले आणि मला लहानपणच्या आमच्या वाड्यातल्या काकू आठवल्या.

काकूंचे वय तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे असावे. त्यांचे पोट हळूहळू वाढू लागले. हौदावर धुणे धुताना बायका एकमेकींना खुणावीत, कोणी तोंडावर थट्टाही करी. काकू बिचाऱ्या पदर ओढून घेत आणि "वाताचा गोळा आहे" एवढेच म्हणत. पुढे पुढे त्यांना जिना चढवेना, चार घास खाल्ले की पोट तट्ट होई, रात्री आडवे पडले की दम लागे. ओवा झाला, हिंग झाले, अंगारे झाले. डॉक्टर तेवढा झाला नाही. पुरुष डॉक्टरांपुढे पोट उघडे करायचे, या विचारानेच त्यांना मेल्याहून मेल्यासारखे होई. दोन वर्षांनी त्या गेल्या. ती गाठ कसली होती, साधी होती की वाईट होती, हे कोणालाच कधी कळले नाही.

आज पोटातील गाठींविषयी चार पुस्तके वाचल्यावर वाटते की ती गाठ कदाचित अगदी निरुपद्रवी जातीची असेल. 'निरुपद्रवी' हा शब्द मात्र नीट समजून घेतला पाहिजे. वैद्यकशास्त्रात काही गाठींना 'सौम्य' म्हणतात. अशी गाठ कर्करोगासारखी शरीरभर पसरत नाही, आणि नीट काढून टाकली की रोगी सहसा पूर्ण बरा होतो. परंतु सौम्य गाठही आतल्या आत वाढत राहिली तर आतडी, मूत्राशय आणि फुप्फुसे यांना दाबते, तिला पीळ बसू शकतो, ती फुटू शकते. म्हणजे स्वभावाने सौम्य असलेली गाठदेखील दुर्लक्षाने जीव घेऊ शकते. अशा गाठी ओळखायला आणि काढायला माणूस कसा शिकला, याचा इतिहास मोठा रोमहर्षक आहे, आणि त्याच्या आरंभी एक साधी शेतकरी कुटुंबातील स्त्री उभी आहे. तिचीच हकीकत आज सांगते.

अमेरिकेत केंटकी नावाचा प्रांत आहे. सन 1809 मध्ये तो बराचसा जंगलाचा आणि नव्या वसाहतींचा मुलूख होता. तेथील ग्रीन परगण्यात जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या बाई राहत होत्या. वय सेहेचाळिशीच्या आसपास, पदरी मुलेबाळे. त्यांचे पोट कित्येक महिने वाढत होते आणि गर्भ आहे अशीच सर्वांची समजूत होती. दिवस भरून गेले, प्रसूतीच्या कळांसारख्या कळाही येऊ लागल्या, पण सुटका होईना. तेव्हा त्यांना पाहणाऱ्या वैद्यांनी साठ मैलांवरच्या डॅनव्हिल गावातून डॉक्टर इफ्रेम मॅकडोवेल यांना बोलावणे पाठविले.

मॅकडोवेल हे तेव्हा अडतीस वर्षांचे होते. त्यांनी स्कॉटलंडमध्ये एडिंबरा येथे जाऊन शिक्षण घेतले होते, जॉन बेल या नामांकित शस्त्रवैद्यांची व्याख्याने ऐकली होती; पण पदवी न घेताच ते 1795 साली परत आले आणि आपल्या आडगावी व्यवसाय करू लागले. डिसेंबर महिन्यात घोड्यावरून ते क्रॉफर्डबाईंच्या घरी पोहोचले. त्यांनी इतरांप्रमाणे नुसते पोट पाहून निष्कर्ष काढला नाही. हाताने आतून तपासणी केली आणि त्यांना आढळले की गर्भाशय रिकामे आहे! म्हणजे ही वाढ गर्भाची नव्हे. ती शेजारच्या बीजकोशाची, ज्याला आपण अंडाशय म्हणतो, त्याची असली पाहिजे. त्या काळी क्ष-किरण नव्हते की रक्ताच्या तपासण्या नव्हत्या. दहा बोटे आणि स्वच्छ विचार एवढ्या साधनांवर केलेले हे निदान होते. माझ्या मते पुढच्या शस्त्रक्रियेइतकेच या निदानाचे मोल आहे.

मग मॅकडोवेल यांनी जे केले, ते आजच्याही डॉक्टरांनी लक्षात ठेवावे असे आहे. त्यांनी बाईंपासून काही लपविले नाही. इतकी मोठी गाठ पोटातून काढलेली आपण कधी पाहिली नाही, कोणी तसा प्रयत्न केल्याचे ऐकलेही नाही, हा केवळ प्रयोग ठरेल आणि त्यात जिवाला धोका आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या काळच्या मोठमोठ्या शस्त्रवैद्यांचे मत असे होते की पोट उघडले की आत दाह होऊन मृत्यू ठरलेलाच. तरीही क्रॉफर्डबाई तयार झाल्या. "तुम्ही डॅनव्हिलला याल तर मी शस्त्रक्रिया करीन," असे डॉक्टरांनी कबूल केले.

आता डोळ्यांपुढे आणा. ऐन हिवाळा, कच्चे रस्ते, साठ मैलांचे म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटरचे अंतर, आणि पोटात दहा किलोंची गाठ घेऊन ही बाई घोड्यावर बसून निघाली! पोटाचा भार खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर टेकत होता आणि त्याच्या घर्षणाने पोटाची कातडी पार ठेचाळून गेली होती. काही दिवसांनी त्या डॅनव्हिलला पोहोचल्या.

शस्त्रक्रिया मॅकडोवेल यांच्या राहत्या घरी झाली. तो दिवस नाताळचा होता अशी परंपरा सांगते. बाई वेदना सहन करताना देवाची स्तोत्रे म्हणत होत्या, आणि डॉक्टरांनी बाईला मारले तर त्याला शिक्षा करायची म्हणून बाहेर जमाव जमला होता, अशाही कथा पुढे रचल्या गेल्या. कथा कथेच्या जागी राहोत. डॉक्टरांनी स्वतः लिहून ठेवलेली हकीकत कमी थरारक नाही. भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हतेच. पोटाच्या डाव्या बाजूस सुमारे नऊ इंचांचा छेद घेतला. गाठ समोर दिसली, पण ती एवढी मोठी होती की अखंड बाहेर निघेना. तेव्हा त्यांनी गर्भाशयाजवळ बीजवाहिनीभोवती मजबूत दोरा आवळून बांधला, गाठ फोडली, आणि आतील चिकट, बुळबुळीत द्रव्य बाहेर काढले. त्याचे वजन पंधरा पौंड भरले. मग बीजवाहिनी कापून गाठीची पिशवी काढली. ती साडेसात पौंडांची होती. एकूण साडेबावीस पौंड, म्हणजे दहा किलोंहून थोडे अधिक. छेद घेताच आतडी बाहेर टेबलावर आली होती आणि शेवटपर्यंत ती आत बसविता आली नाहीत. शेवटी बाईंना डाव्या कुशीवर वळवून आतले रक्त वाहू दिले, आतडी आत घातली आणि टाके घातले. हे सारे सुमारे पंचवीस मिनिटांत झाले. आपल्याला पोळ्यांची कणीक मळून पोळ्या लाटायला याहून जास्त वेळ लागतो!

पाच दिवसांनी डॉक्टर पाहावयास गेले तो काय, बाई उठून स्वतःचे अंथरूण आवरीत होत्या! त्यांनी आश्चर्याने बाईंना सक्त ताकीद दिली. भगिनींनो, हे वाचताना मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. बाई केंटकीची असो की कोकणातली, टाके ओले असताना पसारा आवरायला उठायचीच! पंचविसाव्या दिवशी क्रॉफर्डबाई घरी परतल्या. त्यानंतर त्या बत्तीस वर्षे जगल्या आणि 1842 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वारल्या. इतकी वर्षे त्या जगल्या यावरून ती गाठ सौम्य होती हे उघड दिसते.

मॅकडोवेल यांनी घाईने डंका पिटला नाही. आणखी दोन रुग्ण झाल्यावर, 1817 साली, फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी छोटासा लेख लिहिला. लंडनच्या एका वैद्यकीय पत्राच्या संपादकांनी त्याची टर उडविली. अमेरिकेच्या आडरानातला कोणी वैद्य युरोपच्या पंडितांना शिकवणार, हेच त्यांना खरे वाटेना. पुढे मात्र त्याच संपादकांनी आपली चूक जाहीरपणे कबूल केली.

या लेखातील एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिल्या रुग्णाचे नाव आणि संमती यांची त्यात नोंद आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या रुग्ण कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. त्यांची नावे कोठेच नाहीत. केंटकीत तेव्हा गुलामगिरी होती, आणि त्यांतील एकीवर शस्त्रक्रिया केली ती तिच्या मालकाने आग्रह केला म्हणून, असे डॉक्टर लिहितात. तिचे स्वतःचे म्हणणे काय होते, हे त्या लेखातून कळत नाही. क्रॉफर्डबाईंचे स्मरण आपण करतो तेव्हा या दोघी अनामिक भगिनींनाही मनोमन नमस्कार केला पाहिजे. आज आपल्याला मिळणाऱ्या उपचारांच्या पायात त्यांचेही दुःख गाडलेले आहे.

मॅकडोवेल यांचा वृत्तांत एडिंबराला पोहोचला. तेथील जॉन लिझार्स या शस्त्रवैद्यांनी 1823 साली एका स्त्रीचे पोट उघडले, तर आत गाठ नव्हतीच! चरबी आणि वायू यांनीच ते पोट फुगले होते. सुदैवाने ती बाई वाचली. या प्रसंगाने एक धडा दिला, तो असा की सुरी चालविणे हा अर्धाच भाग. सुरी चालवायची की नाही हे ठरविणे हा उरलेला अर्धा भाग, आणि तो अधिक कठीण.

पुढची प्रगती टप्प्याटप्प्याने झाली. 1846 साली बॉस्टन येथे ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करून दाखविण्यात आली. दुसऱ्याच वर्षी एडिंबराच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. 1867 साली लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धती प्रसिद्ध केली. लंडनच्या स्पेन्सर वेल्स यांनी 1858 पासून 1880 पर्यंत बीजकोशाच्या गाठींच्या एक हजार शस्त्रक्रिया पूर्ण केल्या. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया वाचल्या. वेल्स यांचा विशेष हा की यशाबरोबर अपयशाचीही नोंद ते प्रसिद्ध करीत. त्यामुळेच इतरांना चुका टाळता आल्या. बर्मिंगहॅमचे लॉसन टेट हे साबण, उकळलेले पाणी आणि स्वच्छता यांवर भर देत. आपल्या आजीबाई सोवळ्याओवळ्याच्या नावाखाली स्वच्छतेचा आग्रह धरीत, त्याची येथे आठवण होते. फरक इतकाच की टेट यांच्या स्वच्छतेत विटाळ नव्हता.

परंतु शस्त्रक्रिया सोपी झाली की ती अनावश्यकही होऊ लागते. 1872 साली अमेरिकेतल्याच रॉबर्ट बॅटी या डॉक्टरांनी गाठ नसलेले, चांगले बीजकोश काढण्याची प्रथा सुरू केली. पाळीचा त्रास, चिडचिड, मनाचे विकार अशा नाना तक्रारींवर हा उपाय म्हणून पसरला आणि असंख्य स्त्रियांना विनाकारण अकाली म्हातारपण आले. हे जुने झाले म्हणून सोडून द्यावे तर आपल्याच महाराष्ट्रात 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न एवढा गाजला की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या स्त्रीला सुट्टी घेतली तर मजुरी बुडते, तिला "पिशवीच काढून टाका" हा सल्ला किती सोपा वाटत असेल! म्हणून 'गाठ अंगावर काढू नका' हे जितके खरे, तितकेच 'विचारल्यावाचून अवयव काढू देऊ नका' हेही खरे.

सौम्य गाठी निरनिराळ्या प्रकारच्या असतात. काहींत चिकट द्रव असतो, तशी क्रॉफर्डबाईंची होती. काहींत चक्क केस आणि दातही सापडतात. पूर्वी अशा गाठी पाहून करणी झाली, चेटूक झाले असे लोक म्हणत. वास्तविक बीजकोशातील बीजपेशींपासून शरीराचे सर्व प्रकारचे घटक तयार होऊ शकतात, म्हणून हे घडते. यात भुताखेतांचा काडीमात्र संबंध नाही.

एक प्रकार तर मोठा फसवा आहे. त्यात बीजकोशावर घट्ट तंतूंची गाठ होते, पोटात पाणी साचते आणि फुप्फुसाभोवतीही पाणी होते. पाहणाऱ्यास वाटते, कर्करोग शेवटच्या अवस्थेत गेला, आता काही उरले नाही. बॉस्टनचे डॉक्टर जो मेग्ज यांनी आपले सहकारी कॅस यांच्यासह 1937 साली अशा सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली आणि दाखवून दिले की ही गाठ काढली की दोन्हीकडचे पाणी आपोआप नाहीसे होते आणि बाई बरी होते! या विकाराला त्यांचेच नाव मिळाले. तो दुर्मीळ आहे, तथापि त्याची शिकवण दुर्मीळ नाही. पोटात आणि छातीत पाणी झाले एवढ्यावरून कोणा स्त्रीची आशा सोडू नये. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय शेवटचा निर्णय होत नाही.

निदानाच्या इतिहासातील मला सर्वांत आवडलेला प्रसंग ग्लासगो शहरातला आहे. तेथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांना कळले की कारखान्यांत धातूमधील चिरा शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे यंत्र वापरतात. मनुष्याच्या पोटात ते का वापरू नये? 1955 सालच्या जुलै महिन्यात ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलरच्या एका कारखान्यात गेले! कारखान्याने तुलनेसाठी मांसाचा मोठा तुकडा ठेवला होता. घन गाठ आणि द्रवाने भरलेली गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे येतात, हे तेथे दिसून आले. पुढे एका स्त्रीला त्यांच्याकडे दाखविण्यात आले. तिला जठराचा असाध्य कर्करोग आहे अशी समजूत होती आणि पोट फुगलेले होते. यंत्राने दाखविले की हे पसरलेले पाणी नसून स्पष्ट कडा असलेली द्रवाची प्रचंड पिशवी आहे. शस्त्रक्रिया झाली, बीजकोशाची सौम्य गाठ निघाली, मरणाच्या दारातली बाई बरी होऊन घरी गेली. 1958 साली डोनाल्ड, मॅकव्हिकार आणि अभियंते टॉम ब्राउन यांचा निबंध 'लॅन्सेट' या पत्रात आला. आज तालुक्याच्या गावी आपण ज्याला 'सोनोग्राफी' म्हणतो, तिची ही जन्मकथा. आईच्या पोटातील गाठ पाहण्यास निघालेल्या या यंत्राचा उपयोग पुढे आपल्याकडे पोटातील मुलगी शोधून मारण्यासाठी झाला आणि 1988 साली महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करावा लागला, हे आठवले की मान खाली जाते. यंत्राला विवेक नसतो. तो माणसाने आणायचा असतो.

आता तर काही गाठी पोटाला बोटभर छेद घेऊन, दुर्बिणीने काढता येतात. तरुण मुलगी असेल तर बहुधा गाठ काढून बीजकोश राखण्याचा प्रयत्न करतात. मॅकडोवेल यांनी जे डोळ्यांनी पाहिले ते आता आधीच पडद्यावर दिसते.

पण भगिनींनो, पडद्यापर्यंत पोहोचायचे कोणी? आपल्याकडे खरी अडचण यंत्राची नव्हती, लाजेची होती. ती ओळखूनच पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून मुंबईत स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टरांच्या हातचे रुग्णालय उभे राहिले आणि 1886 साली ते सुरू झाले. एडिथ पीची या विलायतेतून आलेल्या विदुषी डॉक्टर तेथे प्रमुख होत्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. मॅकडोवेल यांचा लेख ज्या शहरात छापला गेला, त्याच शहरात! आपल्या देशभगिनी पुरुषांपुढे दुखणे सांगत नाहीत म्हणून मला डॉक्टर व्हायचे आहे, हाच त्यांचा ध्यास होता. आनंदीबाई पुढच्याच वर्षी गेल्या. पण त्यांच्यामागून डॉक्टर झालेल्या हजारो मुली आज आपल्या आजूबाजूला आहेत. आता लाजायचे कारण उरले नाही.

म्हणून चार गोष्टी गाठीला बांधून ठेवा. पोट सतत फुगलेले राहणे, थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे वाटणे, वारंवार लघवीला जावे लागणे, ओटीपोटात जडपणा, हे दोन-तीन आठवडे टिकले तर डॉक्टरांकडे जा. पाळी गेल्यानंतर रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नका. ओटीपोटात एकाएकी असह्य कळ येऊन उलट्या होऊ लागल्या तर गाठीला पीळ बसलेला असू शकतो. त्याच घटकेला रुग्णालय गाठा. आणि शस्त्रक्रिया सांगितली तर काय काढणार, काय ठेवणार, का काढणार, हे विचारा; शंका वाटली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. विचारणे हा उद्धटपणा नव्हे. क्रॉफर्डबाईंनीही सर्व ऐकून, समजून मगच होकार दिला होता.

अमेरिकेच्या राजधानीत, संसदेच्या इमारतीत केंटकी प्रांताच्या वतीने डॉक्टर मॅकडोवेल यांचा पुतळा उभा आहे. तो योग्यच आहे. पण माझ्या मनात मात्र दुसरेच चित्र उमटते. थंडीचे दिवस आहेत, एक मध्यमवयीन बाई घोड्यावर बसली आहे, पोट खोगिराला घासते आहे, आणि ती वाट तुडवीत चालली आहे. तिला साठ मैल जावे लागले. आपला दवाखाना चार गल्ल्यांवर आहे.

हा लेख लिहून झाल्यावर मी शेजारच्या त्या बाईंकडे गेले आणि म्हटले, "उद्या सकाळी तयार राहा, मी बरोबर येते." त्या आधी हसल्या, मग जरा गप्प झाल्या, आणि म्हणाल्या, "बरे झाले तुम्ही आलात. एकटीने जायचा धीर होत नव्हता." आपल्या मंडळाने येत्या वर्षात दुसरे काही केले नाही तरी चालेल, पण एकीने दुसरीबरोबर दवाखान्याच्या दारापर्यंत जाण्याचे एवढे एक काम जरूर करावे. आमच्या वाड्यातल्या काकूंबरोबर कोणी गेले नव्हते.